कमिशनच्या आजच्या अटी आल्या कुठून?

विक्रीचं कमिशन ठरवताना घासाघीस होते ती टक्क्यांवर. इतिहास मात्र वेगळंच दाखवतो: कमिशन कधी आणि कोणत्या आकड्यावर पदरात पडतं, त्यावर विक्रेत्याचं वागणं जास्त ठरतं.

अमेरिकेतल्या आयुर्विम्यात हे लवकर उघड झालं. एजंटाला पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर घसघशीत कमिशन मिळे, पुढच्या हप्त्यांवर नाममात्र. मग जुनी पॉलिसी मोडायला लावून नवी गळ्यात मारण्याचे प्रकार वाढले. विमा कंपन्यांच्या कारभाराची तपासणी करणाऱ्या आर्मस्ट्राँग समितीच्या 1905 च्या चौकशीनंतर न्यूयॉर्क राज्याने नवा धंदा मिळवण्याच्या खर्चावर कायद्यानेच मर्यादा घातली.

त्याआधीच जॉन पॅटरसन यांनी नॅशनल कॅश रजिस्टर या दुकानातल्या गल्ल्याची यंत्रं बनवणाऱ्या आपल्या अमेरिकी कंपनीत प्रत्येक सेल्समनला राखीव इलाका आणि टार्गेट देण्याची पद्धत बसवली होती. इलाका राखीव, म्हणून आपल्याच माणसाचा ग्राहक पळवण्यात काही हशील उरलं नाही. माझ्या मते कमिशनच्या इतिहासातली ही सर्वांत शहाणी सुधारणा. तिथेच तयार झालेले थॉमस वॉटसन 1914 मध्ये पुढे आयबीएम झालेल्या कंपनीत गेले आणि टार्गेटची शिस्त तिकडेही रुजली. पण तिथल्या कमिशनला कमाल मर्यादा होती. 1962 मध्ये तिथले सेल्समन रॉस पेरो यांनी वर्षाचं टार्गेट जानेवारीतच पूर्ण केलं, पुढच्या विक्रीवर कमावण्यासारखं काही उरलं नाही आणि त्याच वर्षी नोकरी सोडून स्वतःची ईडीएस ही कंपनी काढली.

सर्वांत चिवट दुखणं स्लॅबचं आहे. समजा, 100 नग विकले की कमिशनचा दर दुप्पट होतो. तिमाही संपत आली आणि 97 झालेत, तर विक्रेता उरलेल्या तीन नगांसाठी वाटेल ती सूट देतो. ज्याचे 60 झालेत, तो पुढच्या वेळी तरी 100 गाठता यावेत म्हणून हातातला सौदाही पुढच्या तिमाहीत ढकलतो. दोघंही गैर काही करत नाहीत. योजनेने दाखवलेल्या वाटेनेच चालतात. अमेरिकी कंपन्यांच्या विक्रीत आर्थिक वर्षाच्या अखेरीला असेच चढउतार येतात, हे अर्थतज्ज्ञ पॉल ओयर यांनी 1998 मध्ये आकडेवारीनिशी मांडलं.

1992 मध्ये कॅलिफोर्नियात सीअर्स या दुकानसाखळीच्या गाडीदुरुस्ती केंद्रांवर गरज नसलेली कामं ग्राहकांच्या माथी मारल्याचा आरोप झाला. तिथल्या सल्लागारांना कामाच्या विक्रीवर कमिशन होतं. सीअर्सने ते बंद केलं. 2016 मध्ये वेल्स फार्गो बँकेत टार्गेटच्या दबावाखाली ग्राहकांच्या परवानगीशिवाय खाती उघडल्याचं उघडकीला आलं. 18.5 कोटी डॉलरचा दंड झाला आणि शाखांमधली विक्रीची टार्गेटं रद्द झाली.

ग्राहकाचे पैसे जमा झाल्यावरच कमिशन देणं, सौदा ठरावीक मुदतीत मोडला तर दिलेलं कापून घेणं, सूट दिली की दर कमी करणं, या आजच्या अटींचा रोख अशाच वागण्याकडे आहे. अट जितकी गुंतागुंतीची, तितका विक्रेत्याला महिनाअखेरीचा हिशेब लागेनासा होतो. आपल्याला किती मिळणार हे त्याला स्वतः मांडून काढता आलं नाही, तर योजनेचा त्याच्या वागण्यावर काही परिणामच उरत नाही.