दशमांश वेगळा, अर्पण वेगळं

वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या ख्रिस्ती घरांत हल्ली एक वाक्य फार ऐकू येतं: दहा टक्के दिले नाहीत तर ती देवाची चोरी. मोबाइलवरचे प्रवचनकार ते सांगतात, माणसं पुढे पाठवतात, आणि ज्याच्या हाती बोटीवरचा वाटा जेमतेम डाळ-तांदळापुरता आला, तो स्वतःला चोर समजू लागतो. दशमांश आणि अर्पण यांची सरमिसळ केल्यामुळे हे होतं.

अर्पण तुमच्या ओळखीचं आहे. रविवारी पिशवी फिरते, कुणाच्या आजारपणात मदत गोळा होते. त्यावर जास्त बोलत नाही. घोळ आहे तो दशमांशाचा.

दशमांश म्हणजे दहावा हिस्सा, बायबलच्या जुन्या करारातला. त्यातल्या लेवीय या पुस्तकाच्या २७ व्या अध्यायात कशाचा, ते लिहिलंय: जमिनीचं धान्य, झाडाचं फळ, कळपातलं दहावं जनावर. मोशेच्या नियमशास्त्रात मजुरीच्या किंवा मासळीच्या दशमांशाचा उल्लेख नाही. त्यामागचं कारण लेवीय २५:२३ मध्ये सापडतं. देव म्हणतो, जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडे उपरे म्हणून राहता. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, तरी खंड, म्हणजे कुळाने जमीनमालकाला द्यायचा वाटा, हे कोकणात कुणाला समजवावं लागत नाही. दशमांश हा तसा खंड होता: मालक देव, कूळ इस्राएली शेतकरी. दुसऱ्याच्या जमिनीचा खंड बुडवला तर त्याला चोरी म्हणता येतं, आणि प्रवचनकार ज्यावर बोट ठेवतात तो मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकातला (अध्याय ३) चोरीचा आरोप त्याच अर्थाने आहे.

खोताशी साम्य मात्र इथेच संपतं. हा खंड ज्यांना मिळायचा त्या लेव्यांना, म्हणजे देवाच्या घरची सेवा करणाऱ्या वंशाला, वतनाची जमीनच नव्हती. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १४ व्या अध्यायाप्रमाणे दशमांशातून शेतकऱ्याने घरच्यांसह देवासमोर आनंदाने जेवायचं, आणि दर तिसऱ्या वर्षी तो गावातल्या लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी ठेवायचा. मलाखी ३:१० मध्येही दशमांश भांडारात आणायचा तो देवाच्या घरात अन्न असावं म्हणून. प्रवचनात नेमका हाच तुकडा गळतो आणि आकाशातून आशीर्वाद ओतला जाईल एवढंच उरतं. मला याची चीड येते. दहा द्या, शंभर मिळतील, असं सांगून गरिबाच्या खिशात हात घालणं हा शास्त्राचा उघड गैरवापर आहे.

अर्पणात मालकी देणाऱ्याची असते. हनन्या आणि सप्पीरा या जोडप्याने जमीन विकून आलेल्या पैशातला काही मागे ठेवला, सगळा दिला असं भासवलं आणि दोघं मरून पडली; ही गोष्ट सांगून लोकांना घाबरवलं जातं, पण नव्या करारातलं प्रेषितांची कृत्ये ५:४ नीट वाचा. प्रेषित पेत्र हनन्याला म्हणतो, विकण्याआधी जमीन तुझीच होती ना, आणि विकल्यावर पैसाही तुझ्याच हाती होता ना? त्यांचं पाप खोटं बोलण्याचं होतं, कमी देण्याचं नव्हे. खंडाबद्दल असं कुणी बोलणार नाही. प्रेषित पौलही करिंथ इथल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात टक्का सांगत नाही. ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कुरकुरत नको, भीड पडली म्हणून नको; आणि माणसाकडे जे आहे त्यावरून त्याचं दान मोजावं, जे नाही त्यावरून नव्हे. जून-जुलैत बोटी वर ओढलेल्या असताना पिशवीत पडणारे वीस रुपये याच मापाने मोजायला हवेत. शुभवर्तमानातल्या गरीब विधवेने दोन नाणी म्हणजे होतं नव्हतं ते सगळं दिलं, जक्कय या श्रीमंत जकातदाराने अर्धी मालमत्ता. दहा कुणाचेच नाहीत.

मत्तय २३:२३ मध्ये येशूने पुदिना, शेप, जिऱ्याचा दशमांश मोडीत काढला नाही, हे खरं. पण तो बोलत होता परूश्यांशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाशी, यरुशलेमचं मंदिर उभं असताना. आणि न्याय, दया, विश्वास यांना त्याने तिथेही अधिक महत्त्व दिलं. मंदिर इ.स. ७० मध्ये पडलं. पुढे ५८५ मध्ये फ्रान्समधल्या माकों इथल्या धर्मपरिषदेने दशमांश न देणाऱ्याला बहिष्काराची शिक्षा ठरवली. फ्रेंच राज्यक्रांतीत, १७८९ मध्ये, तिथला दशमांश संपला. कॅथलिकांच्या १९८३ च्या धर्मसंहितेतला २२२ वा नियम चर्चच्या गरजा भागवायला सांगतो, आकडा देत नाही.

रोख की ऑनलाइन, नाव लिहून की न लिहिता, हे किरकोळ. मला नाव न लिहिलेलं आवडतं; देणगीदारांच्या रकमांच्या फरशा चर्चच्या भिंतीवर नकोत.

पगारदाराने आपणहून दहावा हिस्सा बाजूला काढला तर ती उत्तम सवय आहे. पण आंबाबागेचा मालक दहा टक्के टाकून मोकळा होतो आणि राखणीच्या नेपाळी गुरख्याची मजुरी थकवतो, तेव्हा त्याने नव्या करारातलं याकोबाचं पत्र ५:४ वाचावं: अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे. ‘अनुवाद’ पुस्तकातला परका तो हाच गुरखा. त्याची मजुरी हंगाम संपून तो गावी निघण्याआधी चुकती करावी, आणि ती अर्पणात धरू नये.