बोअरच्या खोलीवर चालणारा बाजार : मराठवाड्यातील वायर-केबल व्यवसायाची पार्श्वभूमी

वायर-केबल उद्योगाचे जे अंदाज छापून येतात त्यांत घरबांधणी, मेट्रो, डेटा सेंटर आणि निर्यात या चार गोष्टी हमखास असतात. मराठवाड्यातल्या दुकानदाराला विचारलं तर तो पाचवीच गोष्ट सांगतो : यंदा बोअरला पाणी किती फुटांवर लागतंय? पाणी खाली गेलं की केबल लांबते. फेब्रुवारी ते मे या महिन्यांत मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, आसपासच्या दुकानांतून तीन कोरची (आत तीन वेगळ्या तारांची) चपटी केबल जेवढी उठते, तेवढी दिवाळीच्या घरबांधणीत घरगुती वायर उठत नाही. या बाजाराचा पुढचा अंदाज बांधायचा असेल तर मागचा प्रवास याच अंगाने बघावा लागतो.

निजामाच्या काळात वीज मोजक्या शहरांपुरतीच होती, त्यामुळे त्या काळाबद्दल या संदर्भात फार काही सांगण्यासारखं नाही. १९४८ नंतर हैदराबाद राज्य, १९५६ नंतर द्विभाषिक मुंबई आणि १९६० पासून महाराष्ट्र, असा हा भाग बारा वर्षांत तीन कारभारांखालून गेला. तारा खेड्यात पोचायला सुरुवात झाली ती वीज मंडळ आल्यानंतर. परळीच्या औष्णिक केंद्राचा ३० मेगावॉटचा पहिला संच १९७१ चा. त्याच्या पुढच्याच वर्षी बहात्तरचा दुष्काळ पडला.

त्या काळात खांबावर चढली ती पोलादी गाभ्याची उघडी अ‍ॅल्युमिनियम तार. तिच्या जाडीला प्राण्यांची नावं द्यायची रीत इंग्रजांची : २० चौरस मिलिमीटरची स्क्विरल, ३० ची विझल, ५० ची रॅबिट, १०० ची डॉग. ही नावं आजही निविदेत असतात आणि लाइनमनच्या तोंडीही. ‘रॅबिट काढून डॉग ओढली’ हे वाक्य आमच्याकडे कुणालाच विचित्र वाटत नाही.

घरातही तेव्हा अ‍ॅल्युमिनियमच होतं. तांबं बाहेरून आणायचं तर परकीय चलन लागे, ते नव्हतं. म्हणून साठ-सत्तरच्या दशकांत सरकारी धोरणाने केबल उद्योगाला तांब्यावरून अ‍ॅल्युमिनियमकडे वळवलं. माळवदाच्या घरांत लाकडी पट्टीवर क्लिपा ठोकून जी वायर फिरवली गेली ती हीच. तिची खोड जुन्या वायरमनला पाठ आहे. स्क्रूखाली दाबलेलं अ‍ॅल्युमिनियम हळूहळू पसरतं, जोड सैल पडतो, वर ऑक्साइडचा थर चढतो, जोड तापतो आणि एक दिवस होल्डर काळा पडतो. १९९१ नंतर आयात मोकळी झाली, नव्वदच्या उत्तरार्धात तुतिकोरिन आणि दहेजला खासगी कारखान्यांत तांबं शुद्ध होऊ लागलं, आणि घरगुती वायर तांब्याची झाली. मराठवाड्यात याच सुमाराला आणखी एक गोष्ट घडली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादेतली पन्नासच्या वर गावं नव्या जागी वसली. मातीच्या भिंतींच्या जागी पक्की घरं आली आणि त्यांच्यासोबत वायरिंगही.

पण खरी उलथापालथ शेतात झाली. बहात्तरच्या दुष्काळाच्या आसपास बोअर खोदण्याची यंत्रं आली. हातपंपाच्या इतिहासात ‘जालना पंप’ हे नाव आहे ते त्याच खटपटीचं. पुढे हातपंपाच्या जागी पाण्यात बुडणारी मोटार आली आणि केबलचा हिशेबच बदलला. विहिरीवरच्या मोटारीला पेटीपासून पाच-दहा मीटर वायर पुरे. बोअरमधल्या मोटारीला बोअरच्या खोलीइतकी लागते. बीड-लातूरकडे सहाशे-आठशे फूट बोअर आता कुणाला नवल वाटत नाही. आठशे फूट म्हणजे जवळपास अडीचशे मीटर तीन कोरची केबल, एका मोटारीला.

इथे एका शब्दाच्या गुंत्यात शिरावं लागेल, कारण या बाजारातली निम्मी भांडणं त्याच्यावरून होतात. शब्द आहे ‘स्क्वेअर’, म्हणजे तारेचं चौरस मिलिमीटरमधलं क्षेत्रफळ, आणि त्याचा थोरला भाऊ ‘गेज’.

जुन्या पद्धतीत वायर ‘तीन-बावीस’, ‘सात-बावीस’, ‘सात-वीस’ अशी मागत. पहिला आकडा तारांच्या संख्येचा, दुसरा इंग्रजी गेजचा, आणि गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. कायद्याने मेट्रिक मापं १९५६ मध्ये आली, बाजारात सात-वीस अजून आहे. सात-वीसमधली एक तार ०.९१४ मिलिमीटर जाडीची, सात तारांचं मिळून क्षेत्रफळ साधारण ४.६ चौरस मिलिमीटर. सात-बावीसचं २.८ च्या आसपास. मेट्रिक साच्यात मात्र ४.६ किंवा २.८ असं मापच नाही, तिथे २.५ आहे आणि ४ आहे. म्हणजे गिऱ्हाईक सात-वीस मागतं तेव्हा त्याला ४ स्क्वेअर दिली जाते, आणि कुणीही न फसवता त्याच्या पदरी दहा-तेरा टक्के तांबं कमी पडतं. म्हातारे शेतकरी ‘पहिल्यासारखी वायर राहिली नाही’ म्हणतात, त्यात एवढा भाग खरा आहे.

पुढचा पेच जास्त अवघड आहे. भारतीय मानक वायरचं क्षेत्रफळ मोजतच नाही. ते रोध मोजतं, म्हणजे तार विजेला किती अडवते ते. २.५ स्क्वेअरची लवचीक तांब्याची वायर २० अंश सेल्सिअसला किलोमीटरमागे ७.९८ ओमपेक्षा जास्त रोध दाखवता कामा नये, ४ स्क्वेअरला ही मर्यादा ४.९५. तांबं जितकं शुद्ध तितक्या कमी तांब्यात ही अट पुरी होते. म्हणून चांगला कारखाना तारेत किंचित कमी तांबं घालूनही नियमात बसतो, आणि हलका कारखाना तेच कारण पुढे करून बराच कमी माल घालतो. गिऱ्हाइकाजवळ ओममीटर नसतो, त्याच्याजवळ फक्त वायरवरचा छापा असतो.

जालन्यात एका दुकानदाराने यावर सोपा उपाय करून दाखवला होता. दोन बंडलांवर एकच छापा, २.५. दोन्हींतून बरोबर एक-एक मीटर तुकडा कापला, वरचं प्लास्टिक सोललं आणि शेजारच्या सराफाच्या काट्यावर ठेवलं. अडीच स्क्वेअरचं एक मीटर तांबं हिशेबाने २२.४ ग्रॅम भरायला हवं. एक तुकडा बावीसच्या थोडा वर गेला, दुसरा सतरावर थांबला. सराफ हसला, म्हणाला, ‘याला आमच्याकडं घट म्हणत्यात, तुमच्याकडं काय म्हणत्यात?’ दुकानदाराचं उत्तर होतं, ‘लोकल.’ नव्वद मीटरच्या अख्ख्या बंडलात हा फरक जवळपास अर्ध्या किलोचा होतो. दोन किलो तांब्याच्या बंडलात अर्धा किलो.

घरात पंखा-दिवा चालवायला सतरा ग्रॅमवाली वायर बराच काळ निभावून नेते. अडीचशे मीटर खोल बोअरमध्ये ती निभावत नाही. पाच एचपीची मोटार साधारण नऊ अ‍ॅम्पिअर ओढते असं धरलं, तर खऱ्या अडीच स्क्वेअरमध्ये पंचवीस-सव्वीस व्होल्ट वाटेतच गळतात. हलक्या वायरमध्ये हाच आकडा पस्तिशीला टेकतो, चार स्क्वेअर टाकली तर सोळावर येतो. त्यात डीपीच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या, शेवटच्या टोकाला व्होल्टेज आधीच पडलेलं. मग मोटार जळते. शेतकरी वीजवाल्यांना शिव्या घालतो, लाइनमन मोटारीला, मोटारवाला वाइंडिंगला. मोटार भरायला जाते. केबलचं नाव कुणीच घेत नाही, कारण ती बोअरमध्येच असते आणि दिसत नाही.

२००३ च्या गुणवत्ता-नियंत्रण आदेशाने वायर-केबलवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. छापा सगळ्यांकडे आला, तांबं सगळ्यांकडे आलं नाही. जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला तेव्हा वायर २८ टक्क्यांत होती. नोव्हेंबरात ती १८ वर आली, पण मधल्या साडेचार महिन्यांत बिलाशिवायच्या मालाला जो जोर चढला तो पुरता ओसरला असं म्हणवत नाही. मोठे छापावाले कारखाने वरचेवर सांगतात की बाजार संघटित होतोय. शहरात ते पटतं. तालुक्याच्या गावी, उधारीवर केबल नेणाऱ्याला उधारी कोण देतो यावर छापा ठरतो.

तांब्याच्या भावाने या भांडणात तेल ओतलं. मे २०१८ मध्ये तुतिकोरिनचा कारखाना आंदोलन आणि गोळीबारानंतर बंद झाला. वर्षाला चार लाख टनांची क्षमता एका आदेशाने थांबली आणि शुद्ध तांबं निर्यात करणारा देश आयातदार झाला. मे २०२४ मध्ये लंडनच्या बाजारात तांबं टनाला ११ हजार डॉलरच्या वर गेलं. वायरच्या किमतीत सर्वांत मोठा वाटा तांब्याचा, त्यामुळे लंडनचा भाव जालन्याच्या मोंढ्यात दोन-चार दिवसांत पोचतो. पूर्वी पाडव्याच्या आधी माल भरून ठेवणारे व्यापारी आता आठवड्याच्या हिशेबाने माल उचलतात.

बाजाराची दुसरी बाजू खांबावरची. ती शेतकऱ्याच्या खिशावर चालत नाही, योजनेच्या पैशावर चालते. २००५ ची ग्रामीण विद्युतीकरण योजना, २०१४ ची तिची पुढची आवृत्ती, २०१७ ची घरोघरी जोडणीची मोहीम, २०२१ ची तीन लाख कोटींवरची वितरण सुधारणा योजना : दर वेळी कंडक्टर आणि एबी केबलची मागणी उसळते आणि पैसा आटला की ठेकेदार फोन उचलत नाही. एबी केबल, म्हणजे पीळ दिलेली आवरणाची तार, आली ती वीजचोरीच्या आकड्यांमुळे. उघड्या तारेवर बांबूने आकडा टाकता येतो, आवरण असलेल्या तारेवर सहज टाकता येत नाही. भारनियमनाच्या वर्षांत गावठाण आणि शेतीचे फीडर, म्हणजे वीज पोचवणाऱ्या वाहिन्या, वेगळे झाले तेव्हाही अशीच मैलोगणती नवी तार लागली. ज्या गावाने बारा-बारा तास अंधार काढला, त्याच गावच्या शिवारात तारेची दुसरी ओळ उभी राहिली.

कारखानदारीचा भाग थोडक्यात. ऐंशीच्या दशकात छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला दुचाकी बनू लागल्या आणि गाडीतल्या वायरच्या जुड्या बांधणारे छोटे कारखाने भोवती आले. पुढे याच पट्ट्यात काचेचा तंतू बनू लागला, आणि ऑप्टिकल केबलच्या जगात वाळूज-शेंद्र्याचं नाव गेलं. हा धंदा तांब्याच्या भावाशी बांधलेला नाही, टेलिफोन कंपन्यांच्या खर्चाशी बांधलेला आहे. २०२४ मध्ये बिडकीनला इलेक्ट्रिक स्कूटर आणि मोटारींचे प्रकल्प जाहीर झाले. ते उभे राहतील तसा जाड, उष्णता सोसणाऱ्या केबलचा नवा गिऱ्हाईक इथेच मिळेल.

शेतीसाठीचा निर्णायक फेरा मात्र सौर पंपाचा आहे. २०२४ पासून राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना : शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने पाच, आणि जमिनीप्रमाणे ३, ५ किंवा ७.५ एचपीचा पंप. त्याच वर्षी साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत झाली, तरी नव्या मागणीचा ओघ सौरकडेच वळवला गेला. याचा अर्थ खांब, रॅबिट तार, डीपीपासून पेटीपर्यंतची सर्व्हिस वायर, ही साखळी नव्या बोअरपुरती गळते. तिच्या जागी पॅनेलपासून कंट्रोलरपर्यंतची कल्हई केलेल्या तांब्याची ४ किंवा ६ स्क्वेअरची डीसी केबल येते. ती तालुक्याच्या दुकानातून घेतली जात नाही, पंपासोबत पेटीत येते. मोंढ्यातल्या दुकानदाराला हा बदल जास्त झोंबतो आणि त्याची तक्रार रास्त आहे. खोल पाण्याच्या गावांत सौर पंप पुरत नाही ही शेतकऱ्यांची तक्रारही तितकीच खरी.

मोठ्या भांडवलाला मात्र हा धंदा अजून गोड वाटतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये सिमेंटमधल्या एका बड्या समूहाने भरूचजवळ १,८०० कोटींचा वायर-केबल कारखाना जाहीर केला आणि जुन्या केबल कंपन्यांचे शेअर एका दिवसात कोसळले. महिन्याभरात दुसरा समूह उतरला. गुजरातेतून जालन्यात माल यायला एक रात्र पुरते. या लढाईत घरगुती वायरचं लोकल बंडल आधी मरेल. त्याचं दुःख करायचं कारण नाही, सराफाच्या काट्यावर त्याची लायकी दिसलेली आहे.

बोअरमधली केबल मात्र सौर आली तरी तेवढीच लांब राहते. तिला त्रास वेगळ्याच बाजूने आहे. रात्रीत केबल कापून नेणं, बांधावर जाळून तांबं मोकळं करणं आणि भंगारात किलोवर विकणं हे प्रकार तांब्याच्या भावाबरोबर वाढले. त्यामुळे दुकानांत अ‍ॅल्युमिनियमची चपटी केबल पुन्हा दिसू लागली आहे. तांब्याइतकं काम करायला तिला दीडपटीहून जास्त क्षेत्रफळ लागतं, आणि मोटारीच्या तांब्याच्या टोकाशी पाण्यात केलेला तिचा जोड लवकर कुजतो. वायरमन हे सगळं समजावून सांगतो. गिऱ्हाईक ऐकून घेतं आणि तरी अ‍ॅल्युमिनियमच बांधून द्या म्हणतं, कारण चोर ती घेत नाहीत.