मिश्रमाध्यम चित्रकला (बेळगाव सीमाभाग)

मिश्रमाध्यम चित्रकला : एकाच चित्रात दोन किंवा अधिक माध्यमे वापरण्याची पद्धत. जलरंगावर पेस्टल, ॲक्रिलिकखाली चिकटवलेला कागद वा कापड, रंगात कालवलेली माती ही तिची नेहमीची रूपे. १९१२ मध्ये पिकासोने वेताच्या विणीचा छाप असलेले मेणकापड कॅनव्हासवर चिकटवले. फ्रेंच चित्रकार ब्राकनेही त्याच वर्षी चित्रात कागद चिकटवायला सुरुवात केली. आधुनिक कोलाजचा, म्हणजे कागद-कापड चिकटवून केलेल्या चित्राचा, आरंभ तिथून मानला जातो.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातला मराठी चित्रकार या पद्धतीकडे बहुधा उशिरा येतो. त्याचा हात आधी वास्तववादी चित्रणावर बसलेला असतो. बेळगावात के. बी. कुलकर्णी यांनी व्यक्तिचित्र आणि निसर्गचित्राची शिस्त विद्यार्थ्यांच्या पिढ्यांना दिली. याच शहरात १९३५ मध्ये जन्मलेले रवी परांजपे त्यांचेच शिष्य. पुढे ते बोधचित्रे आणि जाहिरातकला या क्षेत्रांत नावाजले. शिवाय कोल्हापूर जवळ. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर या चित्रकारांचा वारसा सांगणाऱ्या त्या शहराची ओढ सीमाभागातल्या मुलांना जुनीच आहे. तेव्हा ‘हुबेहूब’ हा शब्द इथे अजूनही मोठी दाद समजला जातो, आणि मिश्रमाध्यमात काम करणाऱ्याला घरच्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत सर्वांना एकदा तरी समजावून सांगावे लागते की रेखाटन येत नाही म्हणून त्याने कागद चिकटवलेला नाही. पोटापाण्यासाठी शाळेत कलाशिक्षकाची नोकरी, नावाच्या पाट्या, गणेशोत्सवाची सजावट हे मार्ग असतात. सजावटीच्या कामाला कमी लेखू नये. पुठ्ठा, कापड, लाकूड आणि रंग एकमेकांशी कसे वागतात याचे शिक्षण मांडवात फार चांगले मिळते.

साहित्य मात्र दाराशी आहे. खानापूर कुंभारकामासाठी प्रसिद्ध, शहापूर-वडगाव हातमागासाठी, गोकाक रंगीत खेळण्यांसाठी. या भागातल्या तांबड्या मातीचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा असतो, म्हणून तो उन्हाने सहसा उडत नाही. माती बादलीत भिजवून ढवळायची, जाड खडे तळाशी बसू द्यायचे, वरचे गढूळ पाणी मलमलीतून दुसऱ्या भांड्यात गाळून घ्यायचे. तिथे रात्रभरात खाली बसणारा गाळ सायीसारखा मऊ असतो. त्यात डिंक किंवा ॲक्रिलिक माध्यम (रंग न घातलेला ॲक्रिलिकचा चिकट द्राव) मिसळले की रंग तयार. थर जाड दिला तर वाळताना भेगा पडतात. कुणी त्या मुद्दाम पाडतात, पण लवचीक कॅनव्हासवर अशा थराचे पापुद्रे सुटतात. त्यासाठी प्लायवूडची फळीच हवी.

पावसाळा ही इथली खरी परीक्षा. खळीने चिकटवलेल्या कागदाला दमट हवेत बुरशी धरते. वर्तमानपत्राचा कागद आम्लामुळे पिवळा पडून ठिसूळ होतो. साडीचा तुकडा आधी धुऊन आटवून घेतला नाही तर ओल्या माध्यमात आकसतो आणि कडेला सुरकुत्या आणतो. ॲक्रिलिकवर तैलरंग चालतो, तैलरंगावर ॲक्रिलिक टिकत नाही. हा क्रम चुकल्यामुळे चांगली चित्रे वाया जातात, याचे वाईट वाटते. कारण ते टाळणे सहज शक्य असते.

अक्षरे हा इथल्या चित्रांचा खास विषय होऊ शकतो. एकाच रस्त्यावर कन्नड पाटी, देवनागरी पाटी, आणि घरातल्या ट्रंकेत आजोबांचे मोडीतले कागद. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर भाषेचा प्रश्न ज्या घरांनी रोज जगला, तिथल्या चित्रकाराला अक्षर ही नुसती नक्षी वाटत नाही. तरीही मोडीतला मूळ कागद कापून चित्रात लावू नये, तो घराण्याचा दस्तऐवज आहे. छायाप्रत घ्यावी, आणि तीही टोनरची, म्हणजे कोरड्या भुकटीने छापलेली. इंकजेटची शाई ओल्या माध्यमात बहुधा पसरते.

टिळकवाडीतल्या वरेरकर नाट्य संघाच्या के. बी. कुलकर्णी कलादालनात अशी चित्रे वास्तववादी चित्रांशेजारी लावता येतात. काचेची चौकट करताना काच आणि चित्र यांत पट्टी घालून अंतर ठेवावे लागते, नाहीतर उंचवटे काचेला चिकटतात. चित्रामागे पेन्सिलीने माती कुठली, चिकटवण कोणती, वरचा थर कशाचा हे लिहून ठेवावे. पुढे कधी दुरुस्ती करायची वेळ आली तर करणाऱ्याला तेवढ्यावर काम सुरू करता येते.