धूर गेला तरी सिगडी खोलीत नकोच

नागपुरात डिसेंबरचा गारठा वाढला की एक सल्ला हमखास मिळतो: सिगडी अंगणात पेटवा, धूर संपून निखारे लाल झाले की खोलीत घ्या, जवळ पाण्याचं भांडं ठेवा, म्हणजे धोका नाही. 29 डिसेंबर 2018 ला इथं पारा 3.5 अंशांवर गेला होता, तेव्हा ऊब हवीशी वाटणारच. पण हा सल्ला जिवावर बेतणारा आहे.

धूर लाकडातल्या बाष्पशील, म्हणजे तापल्यावर वायू होऊन उडणाऱ्या, भागाचा असतो. तो जळून गेल्यावर उरतो कोळसा, आणि तापलेल्या कोळशातूनच कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू भरपूर निघतो. वर ज्वाळ असेल तर त्यातला बराच जळून जातो. नुसत्या निखाऱ्यावर तो तसाच खोलीत पसरतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला तर जागही येत नाही.

पाण्याचं भांडं? हा वायू पाण्यात जेमतेम विरघळतो. लहान मुलांच्या खोलीत हे भांडं ठेवून निर्धास्त झोपणाऱ्यांची मला फार काळजी वाटते.

शेकायचं तर अंगणात शेका. घरात लाकूड जाळायचंच असेल, तर धुराडं थेट छपराबाहेर काढलेली बंद भट्टीच हवी. डोकं जड झालं, मळमळलं, तर आधी सगळ्यांना बाहेर काढा, मग दवाखाना गाठा.