पर्कल्ट की पाप्रिकाश?

हंगेरीत कोंबडीचा लालभडक रस्सा समोर आला की तो बहुधा दोनपैकी एक असतो, चिर्केपर्कल्ट नाहीतर चिर्केपाप्रिकाश. चिर्के म्हणजे कोंबडी. बाहेरची माणसं दोन्हींना सरसकट 'गुलाश' म्हणून मोकळी होतात. पण हंगेरीतला गुयाश म्हणजे गुराख्यांचं पातळ सूप, वाडग्यात घेऊन चमच्याने खायचं. परदेशी हॉटेलांत गुलाश म्हणून जो दाट रस्सा येतो, तो खरं तर पर्कल्टचा भाऊबंद. तेव्हा गुयाश बाजूलाच ठेवू.

गंमत म्हणजे पर्कल्ट आणि पाप्रिकाश बराच वेळ एकाच वाटेने जातात. डुकराच्या चरबीवर (आपल्याकडे तेल चालतं) दोन कांदे अगदी बारीक चिरून मंद आचेवर परतायचे. लाल नाही करायचे, नुसते मऊ आणि पारदर्शक. मग पातेलं आचेवरून खाली उतरवायचं आणि त्यात पाप्रिका पूड (हंगेरीतली लाल मिरचीची पूड) घालायची, किलोभर कोंबडीला दोन मोठे चमचे.

इथे मराठी हात चुकतो. माझा चुकलाच. फोडणीत तिखट टाकायची सवय, म्हणून पूड सरळ चरचरीत तेलात पडली. पाप्रिकेत साखर असते, ती क्षणात करपते. रंग तपकिरी, चव कडूजहर. पातेलं ओतून पुन्हा कांदे चिरायला बसले. आता पूड घातली की दोनदा ढवळते, लगेच चार चमचे पाणी आणि त्यावर कोंबडी.

पूडही जपून निवडावी. सेगेद आणि कलोचा ही तिथली पाप्रिकेची गावं. सेगेदमध्येच शास्त्रज्ञ सेंट-ग्यॉर्गी यांनी पाप्रिकेतून क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात वेगळं काढलं; १९३७ साली त्यांना नोबेल मिळालं. रश्शाला लागते ती गोड जात. काश्मिरी मिरचीने रंग साधतो, पण दोन चमचे घातली तर मुलं जेवायची नाहीत. एक चमचा पुरे.

एक टोमॅटो, एक ढोबळी मिरची, मीठ, झाकण. आता वाटा फुटतात.

पर्कल्ट हवं असेल तर पाण्याला हात आखडता. कोंबडी अंगच्या रसात शिजू द्यायची, लागेल तसा पाण्याचा हबका मारायचा आणि शेवटी झाकण काढून रस आटवायचा. तेल सुटून वर लाल तर्री आली की पर्कल्ट झालं. पाप्रिकाशला रस थोडा जास्त ठेवायचा, कारण शेवटी त्यात तेयफल जातं. तेयफल म्हणजे आंबट साय. वाटीभर तेयफलमध्ये चमचाभर मैदा गुठळ्या न ठेवता कालवायचा, त्यात पळीभर गरम रस्सा घालून ते कोमट करायचं आणि मग पातेल्यात ओतायचं. कढी फुटू नये म्हणून आपण ताकाला बेसन लावतो, तोच हिशेब. विटकरी रस्सा बघता बघता केशरी होतो. यानंतर रटरटा उकळू द्यायचं नाही. तेयफल मिळालं नाही तर चक्का आणि क्रीम निम्मं निम्मं घ्यावं. नुसतं दही फुटतं.

पर्कल्टच्या ताटात वरून चमचाभर तेयफल घेणारेही असतात. तेवढ्याने त्याचं पाप्रिकाश होत नाही, साय रश्शात शिजायला हवी. बटाट्याचं 'पाप्रिकाश क्रुम्प्ली' मात्र नावाला पाप्रिकाश; त्यात साधारणपणे साय नसतेच.

गोमांस, मटण, शिकारीचं मांस यांचं पर्कल्ट करतात. कोंबडी, वासराचं कोवळं मांस किंवा अळंबी असेल तर पाप्रिकाश शोभतं. कोंबडीचं दोन्ही होतं, पण तिच्या सौम्य चवीला साय मानवते असं माझं मत. घरात कुणाला दूध चालत नसेल, तर साय घालण्याआधी त्यांचा वाटा काढून ठेवते. ते झालं पर्कल्ट, उरलेलं पाप्रिकाश.

सोबत नोकेद्ली हवी. मैदा, अंडी, मीठ, पाणी यांचं सैलसर पीठ भोकांच्या पत्र्यातून उकळत्या पाण्यात पाडतात. माझ्याकडे तो पत्रा नाही. बुंदीचा झारा आणि चमच्याची पाठ. गोळे वर तरंगले की काढायचे, थोडं लोणी चोळायचं, त्यावर रस्सा.