फ्लश झालं, पण डेटा डिस्कवर पोहोचला का?

सेन्सरकडून सतत नोंदी येत असल्या की प्रत्येक नोंद वेगळी लिहिणं परवडत नाही. मग आपण त्या मेमरीत साठवतो आणि हजार नोंदी झाल्या किंवा पाच सेकंद उलटले, यातलं जे आधी होईल तेव्हा एकदम फाइलमध्ये लिहून फ्लश करतो. (वेळेची अट गाळू नका. आवक मंदावली तर नऊशे नोंदी तासन्‌तास मेमरीतच पडून राहतात.) इथपर्यंत सगळं बरोबर. फसगत होते ती यापुढे, फ्लश म्हणजेच एफसिंक (डेटा डिस्कवर पोहोचवायला लावणारी आज्ञा) असं धरून चालल्यामुळे.

फ्लश आपल्या प्रोग्रॅममधला बफर (मेमरीतली तात्पुरती साठवण) रिकामा करून डेटा कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे सोपवतो, एवढंच. कर्नल तो पेज कॅशेत ठेवतो, आणि पेज कॅशे म्हणजे शेवटी रॅमच. लिनक्सच्या मूळ सेटिंगनुसार असा डेटा ३० सेकंद जुना झाल्यावर डिस्कवर लिहायला घेतला जातो. एफसिंक मात्र डिस्ककडून ‘लिहिलं’ अशी पोच येईपर्यंत थांबून राहतो.

म्हणून फ्लशनंतर प्रोग्रॅम कोसळला तरी डेटा वाचतो, कारण कर्नल जिवंत असतो. वीज गेली तर तोच डेटा जाऊ शकतो. पायथनमध्ये आधी फ्लश, मग एफसिंक हा क्रम पाळावा लागतो. नुसता एफसिंक केला तर प्रोग्रॅमच्या बफरमध्ये अडकलेल्या ओळींना तो हातही लावत नाही.

हा फरक सर्वांत स्वच्छ दिसतो मायएसक्यूएल या डेटाबेसच्या इनोडीबीत, म्हणजे त्याच्या डेटा साठवणाऱ्या भागात. कमिटच्या वेळी, म्हणजे बदल पक्के करताना, लॉगचं (बदलांच्या नोंदवहीचं) काय करायचं यासाठी तिथे ०, १ आणि २ असे पर्याय आहेत. मूळ सेटिंग १: दर कमिटला डिस्कपर्यंत. २ म्हणजे दर कमिटला कर्नलपर्यंत, डिस्कवर साधारण सेकंदाला एकदा. ० मध्ये दोन्ही कामं साधारण सेकंदाला एकदाच होतात. सर्व्हरचा प्रोग्रॅम मेला तर ० मध्ये शेवटचा सेकंदभराचा डेटा जाऊ शकतो, २ मध्ये जात नाही. मशीनच बंद पडलं तर दोन्हींत जाऊ शकतो.

मग दर नोंदीला एफसिंक का नको? मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला एका फेऱ्याला ८.३ मिलीसेकंद लागतात, त्यामुळे सेकंदाला शंभरेक एफसिंकमध्येच ती थकते. पाच सेकंदांच्या गठ्ठ्यामागे एक एफसिंक मात्र सहज झेपतो.

एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. एफसिंकने एरर दिली तर तोच पुन्हा चालवून समाधान मानू नका. लिनक्सवर दुसऱ्या वेळी यश दिसू शकतं, प्रत्यक्षात डेटा गेलेला असतो. २०१८ मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसच्या डेव्हलपरांपुढे हाच प्रश्न उभा राहिला आणि त्यांनी अशा वेळी सर्व्हर थांबवून लॉगवरून डेटा पुन्हा उभा करण्याचा मार्ग धरला. आपल्या छोट्या प्रोग्रॅममध्ये एफसिंक यशस्वी होईपर्यंत तो गठ्ठा मेमरीतून काढू नये, आणि एरर आली तर नव्या फाइलमध्ये तो पहिल्यापासून लिहावा.