व्यायामारंभीची वजनवाढ

व्यायामारंभीची वजनवाढ : नियमित व्यायामाला सुरुवात केल्यावर पहिल्या काही दिवसांपासून साधारण सहा आठवड्यांपर्यंत वजनकाट्यावर दिसणारी वाढ. ती बहुधा अर्धा ते दोन किग्रॅ. असते. तीत मुख्य वाटा पाण्याचा असतो. स्नायूंचा वाटा उशिरा येतो व लहान असतो, आणि चरबीचा वाटा निघालाच तर त्याचे कारण व्यायामात नव्हे, ताटात सापडते. वजन उतरवण्यासाठी चालणे, धावणे वा जिम सुरू करणाऱ्याला ही वाढ बुचकळ्यात पाडते आणि पुष्कळजण याच टप्प्यावर व्यायाम सोडतात.

प्रादेशिक संदर्भ : सातारा-सांगली पट्ट्यात ही तक्रार तशी नवी आहे. तालमीत वजन वाढणे हेच ध्येय असे. जोर, बैठका आणि दूध-तूप-बदामाचा खुराक यांवर पोराचे ‘अंग भरले’ की वस्ताद समाधानी. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट (५२ किग्रॅ.) गटात उतरले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला बँटमवेट (५७ किग्रॅ.) गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. वजनगटांच्या कुस्तीत मात्र काट्यावरचा किलो हा हिशेबाचा विषय होतो, आणि अंगात किती पाणी आहे यावर तो हिशेब हलतो ही गोष्ट मल्लांना शरीरशास्त्राच्या पुस्तकांवाचून ठाऊक असावी.

घरगुती व्यायामात सूर्यनमस्काराचा मान मोठा. त्याचा उगम समर्थ रामदासांपर्यंत नेण्याची परंपरा या भागात दृढ आहे. परंतु आज परिचित असलेला क्रमबद्ध, मोजून घालायचा नमस्कार विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात औंध संस्थानचे (आता सातारा जिल्हा) अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांच्या प्रसाराने रूढ झाला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. प्रस्तुत विषयाशी त्याचा संबंध पुढे येईल.

ग्लायकोजेन व पाणी : वजनवाढीच्या स्पष्टीकरणात ग्लायकोजेनचे, म्हणजे यकृतात व स्नायूंत साठवल्या जाणाऱ्या शर्करेच्या रूपाचे, स्थान पहिले. क्लोद बेर्नार या फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिकाने १८५७ च्या सुमारास ते यकृतातून वेगळे केले. प्रौढ माणसाच्या यकृतात सु. १०० ग्रॅ. व स्नायूंत ३०० ते ५०० ग्रॅ. ग्लायकोजेन असते. व्यायामाने ते खर्च होते आणि नंतरच्या जेवणात पिष्टमय पदार्थ असतील, तर रिकामा झालेला स्नायू पूर्वीपेक्षा जास्त साठा करतो.

हे दाखवणारा प्रयोग योनास बर्गस्ट्रॉम व एरिक हुल्टमन या स्वीडिश संशोधकांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. दोघांनी स्वतःवरच तो केला. एकाच सायकलीच्या दोन बाजूंना बसून प्रत्येकाने एका पायाने थकेपर्यंत पायडल मारले, दुसरा पाय विश्रांतीत ठेवला आणि पुढचे तीन दिवस पिष्टमय आहार घेतला. सुईने काढलेल्या नमुन्यांत राबलेल्या पायातील ग्लायकोजेन विश्रांतीतल्या पायाच्या जवळजवळ दुप्पट भरले. रक्त एकच व आहारही एकच असल्यामुळे फरकाचे कारण स्नायूतच शोधावे लागते.

ग्लायकोजेन कोरडे साठत नाही, त्याच्याबरोबर पाणी येते. किती, हा वादाचा मुद्दा आहे. १९३० व १९४० च्या दशकांत उंदरांच्या यकृतावर झालेल्या मापनांतून दर ग्रॅमला २.४ ते २.७ ग्रॅ. पाणी असे आकडे आले. ओल्सन व साल्टिन यांनी १९७० मध्ये माणसांत ग्लायकोजेनचा साठा आधी रिकामा करून मग भरवला, तेव्हा वजन सु. २.४ किग्रॅ. व शरीरातील एकूण पाणी सु. २.२ लि. वाढले. त्यावरून दर ग्रॅमला ३ ते ४ ग्रॅ. हे प्रमाण काढले गेले आणि पाठ्यपुस्तकांत स्थिरावले. २०१५ मध्ये स्पेनमधील एका गटाने सायकलपटूंना उष्ण हवेत घाम गाळायला लावून नंतरच्या चार तासांत एकदा थोडे व एकदा भरपूर पाणी दिले. पहिल्या वेळी प्रमाण १:३ आले, दुसऱ्या वेळी १:१७. म्हणजे १:३ हा ठरलेला भाव नसून किमान मर्यादा असावी, असे त्यावरून म्हणता येते. ग्लायकोजेनला किमान इतके पाणी लागते, वरचे पाणी स्नायू आपल्या गरजेने घेतो. किमान आकडा धरला, तरी पहिल्या काही आठवड्यांत स्नायूंतील साठा १५० ग्रॅ. वाढला, तर पाण्यासह ६०० ग्रॅ. भरतात.

हाच हिशेब उलटाही चालतो. भात-भाकरी एकदम तोडणाऱ्या माणसाचे पहिल्या आठवड्यात दोन-अडीच किलो ‘उतरतात’ ते याच साठ्याचे पाणी. सांगलीच्या हळद बाजारात मालात ओल किती हे पाहिल्याखेरीज वजनाला अर्थ नसतो. देहाच्या बाबतीत तेवढी चौकशी सहसा होत नाही.

अंग आंबणे व सूज : सवय नसलेल्या श्रमानंतर अंग दुखू लागते त्याला मराठीत ‘अंग आंबणे’ म्हणतात. पाय आंबले, मांड्या आंबल्या हे प्रयोग सर्वत्र चालतात. आंबणे म्हणजे आंबट होणे, आणि स्नायूत लॅक्टिक अम्ल साचल्याने दुखते हा विसाव्या शतकात पसरलेला समज या शब्दाशी इतका जुळतो की, शब्द त्या सिद्धांतावरूनच आला असे कोणालाही वाटावे. तसे दिसत नाही. पीठ, ताक, डोसा यांच्या आंबण्यावरून आलेले हे साधे रूपक सिद्धांतापूर्वीचे असावे. अम्लाचा सिद्धांत मात्र टिकला नाही. व्यायाम थांबल्यावर तासाभरात रक्तातील लॅक्टेट (लॅक्टिक अम्लाचे रक्तात आढळणारे रूप) मूळ पातळीकडे येते, तर दुखणे सुरू होते दुसऱ्या दिवशी व २४ ते ७२ तासांत कळस गाठते. १९८३ मध्ये श्वेन व सहकाऱ्यांनी हा प्रश्न सरळ चाचणीला लावला : सपाटीवर धावणाऱ्यांच्या रक्तात लॅक्टेट वाढले, पण अंग दुखले नाही, उतारावर धावणाऱ्यांत लॅक्टेट वाढले नाही आणि दुखणे मात्र ठळक होते.

उताराचा हा मुद्दा साताऱ्यात कोणालाही पटेल. अजिंक्यतारा चढताना धाप लागते, पण दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या ओरडतात त्या किल्ला उतरल्यामुळे. २०१२ पासून होणाऱ्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वर घाट चढून पुन्हा शहरात उतरायचे असते. नवखा धावपटू दम चढासाठी राखून ठेवतो आणि मांड्यांचा हिशेब उतारावर चुकतो. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो आणि या प्रकारच्या आकुंचनात कमी तंतूंवर जास्त भार येतो. बैठकीत खाली जाणे, जोर मारताना छाती जमिनीकडे नेणे, सूर्यनमस्कारात अष्टांग स्थितीत अंग सावकाश टेकवणे ही त्याचीच रूपे आहेत. पहिल्याच दिवशी मोठी संख्या गाठणाऱ्या नमस्कारकर्त्याचे दंड आणि छाती यामुळेच धरते.

दुखण्याचे मूळ काय, यावर मतैक्य नाही. अमेरिकन शरीरक्रियावैज्ञानिक थिओडोर हफ यांनी १९०२ मध्येच स्नायूत सूक्ष्म फाटणे होत असावे असे मांडले होते. १९६० च्या दशकात डी व्हरीस यांनी स्थानिक पेटक्यांची उपपत्ती पुढे केली, ती आता मागे पडली आहे. स्वीडनमधील उमेओ विद्यापीठाच्या फ्रिडेन व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये जिने उतरवून घेतलेल्या स्वयंसेवकांच्या पोटऱ्यांच्या नमुन्यांत तंतूंच्या सूक्ष्म पट्ट्यांची मोडतोड दाखवली आणि हफ यांचे मत बळावले. परंतु पुढे त्याच विद्यापीठातून यू व थॉर्नेल यांनी २००४ च्या आसपास असे मांडले की, दिसते ती मोडतोड नसून स्नायूची फेरबांधणी आहे. दोन्ही मतांना पुरावा आहे. मात्र नेहमीच्या व्यायामातील दुखण्याला फेरबांधणीची उपपत्ती अधिक जुळते, कारण तोच व्यायाम दुसऱ्या वेळी केला की दुखणे बरेच कमी भरते.

वजनाच्या दृष्टीने हा वाद दुय्यम आहे. कारण काहीही असो, त्या जागी द्रव जमतो. दंडाचा घेर मोजणाऱ्या प्रयोगांत सूज चौथ्या-पाचव्या दिवशी सर्वाधिक आढळते, म्हणजे दुखणे ओसरू लागल्यावर. त्यामुळे सोमवारी जिम सुरू करणाऱ्याला शुक्रवारी-शनिवारी काटा वर गेलेला दिसतो आणि तो बिचारा दोष गुरुवारच्या जेवणाला देतो.

रक्तद्रव : दम लागेल असा व्यायाम, विशेषतः उकाड्यात, रोज केल्यास काही दिवसांतच रक्तातील द्रवभाग वाढतो. अल्डोस्टेरोन (मीठ राखणारे हॉर्मोन) व मूत्ररोधक हॉर्मोन यांच्या प्रभावाखाली मूत्रपिंडे मीठ-पाणी राखून ठेवतात, रक्तातील अल्ब्युमीन हे प्रथिनही वाढते. कन्व्हर्टिनो व सहकाऱ्यांनी १९८० मध्ये आठ दिवस रोज दोन तास सायकल चालवणाऱ्यांत रक्तद्रव सु. १२ टक्क्यांनी, म्हणजे ४०० मिलि.हून थोडा अधिक, वाढलेला मोजला. तांबड्या पेशी त्याच वेगाने वाढत नसल्याने रक्ततपासणीत हीमोग्लोबिन किंचित उतरलेले दिसते. हा खरा पांडुरोग नव्हे. मार्च-एप्रिलच्या उन्हात कृष्णाकाठी चालणे सुरू करणाऱ्यात हा वाटा पावसाळ्यात सुरू करणाऱ्यापेक्षा मोठा असतो.

स्नायू व चरबी : ‘स्नायू चरबीपेक्षा जड’ हे वाक्य अर्धेच खरे आहे. किलो तो किलोच. स्नायूची घनता सु. १.०६ व चरबीची सु. ०.९० असल्याने तेवढ्याच वजनाचा स्नायू जागा कमी व्यापतो, इतकेच. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत उचलता येणारे वजन भराभर वाढते ते मुख्यतः मज्जासंस्था स्नायूला अधिक चांगले वापरू लागते म्हणून (मोरितानी व डी व्हरीस, १९७९). मोजता येईल इतका स्नायू त्यानंतर चढतो.

एक किग्रॅ. शारीरिक चरबीत सु. ७,७०० किलोकॅलरी असतात. आठवड्यात किलोभर चरबी चढायला रोज गरजेपेक्षा ११०० किलोकॅलरी जास्त खाव्या लागतील. चार दिवसांत वाढलेला किलो चरबीचा नसतो, तो याच गणितामुळे. दोन-तीन महिन्यांनंतरही आकडा चढताच असेल, तर मात्र आहार पाहावा लागतो. सत्तर किलोच्या माणसाचे पाच किमी. चालणे साधारण २०० ते २५० किलोकॅलरी खर्च करते आणि परतताना टपरीवरची मिसळ ती बाकी फेडून वर व्याज देते. किंग व सहकाऱ्यांच्या २००८ मधील अभ्यासात ३५ स्थूल व्यक्तींनी १२ आठवडे देखरेखीखाली व्यायाम केला. सरासरी ३.७ किग्रॅ. वजन घटले, पण एकाचे १४.७ किग्रॅ. उतरले, तर दुसऱ्या टोकाला एकाचे १.७ किग्रॅ. वाढले. वाढती भूक हे त्यामागचे एक कारण त्यांनी नोंदवले. व्यायाम वाढला की शरीर इतरत्र खर्च आवरते, असे अमेरिकन मानवशास्त्रज्ञ हर्मन पाँट्झर यांचे मत (२०१६) आहे. ते चर्चेत असले, तरी अद्याप सर्वमान्य नाही.

इतर कारणे : मीठ हे त्यातले ठळक. रक्ताशी समतोल राखणाऱ्या द्रवात लिटरला सु. ९ ग्रॅ. मीठ असते, तेव्हा रात्री भडंगाबरोबर दोन-तीन ग्रॅ. मीठ जास्त पोटात गेले, तर सकाळी पाव लि. पाणी अंगात राहिलेले असते. जिममध्ये घेतल्या जाणाऱ्या क्रिएटीनने स्नायूंत पाणी ओढले जाऊन एखाद-दोन किलो चढतात. मासिक पाळीपूर्वीचे पाणी आणि बद्धकोष्ठता हीही कारणे आहेत.

धोक्याच्या खुणा : पावले-घोटे सुजून दोन-तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढ व सोबत धाप, हे हृदय वा मूत्रपिंडाच्या विकाराचे लक्षण असू शकते. सवय नसताना शेकडो बैठका मारल्यावर मांड्या कडक सुजून लघवी काळ्या चहासारखी झाली, तर स्नायूतंतू विरघळून मूत्रपिंडांवर भार आल्याचे समजावे. दोन्ही प्रसंगी त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो.

मापन : निरोगी माणसाचे वजन दिवसभरात एखादा किलो सहज हलते. त्यामुळे सकाळी शौचानंतर, पाणी पिण्यापूर्वी, त्याच फरशीवर ठेवलेल्या काट्यावर वजन करून आठवड्याची सरासरी धरतात. चरबीची टक्केवारी दाखवणारे घरगुती काटे विजेच्या सूक्ष्म प्रवाहाला होणाऱ्या विरोधावरून अंदाज बांधतात आणि साठलेले पाणी स्नायूच्या खात्यात टाकतात. या काळात घेर अधिक विश्वसनीय ठरतो. बेंबीच्या पातळीवर टेप लावणे ही नेहमीची पद्धत. खेड्यांत अजून कंबरेला करदोडा असतो आणि काटा वर असतानाच तो सैल होऊन खाली सरकू लागतो.